फवारणी करूनही संकरित गाईंना पुन्हा पुन्हा गोचीडताप येतो. नेमके कुठे चुकते आहे?

प्रश्न: माणदेशी गोठा

माझा गोठा सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात असून त्यात सध्या सहा संकरित होल्स्टीन गाई, दोन कालवडी आणि वडिलांनी हट्टाने सांभाळलेली एक खिलार गाय एवढी जनावरे आहेत. आषाढाच्या सुरुवातीला सात महिन्यांची एक संकरित कालवड दगावली. तिला 106 अंश ताप होता, खांद्यापुढची गाठ लिंबापेक्षा मोठी झाली होती, डोळे बाहेर आल्यासारखे दिसत होते आणि शेवटच्या दिवशी तिला धाप लागली. पहिले तीन दिवस ताप उतरवण्याची इंजेक्शने आणि साधी प्रतिजैविके देण्यातच गेले. गोचीडतापाचे औषध चौथ्या दिवशी मिळाले, तोवर तिच्या पापण्यांची आतली बाजू कागदासारखी पांढरी पडली होती.

गेल्या आठवड्यात दुसऱ्या वेताच्या एका गाईला तसाच ताप भरला आणि दूध 14 लिटरवरून 4 लिटरवर आले. या वेळी मी वाट पाहिली नाही. रक्त तपासून घेतले, त्यात थायलेरिया हा गोचीडतापाचा जंतू निघाला आणि त्याच दिवशी डॉक्टरांनी त्यावरचे बुपार्वाक्वोनचे इंजेक्शन दिले. ताप आता उतरणीला आहे, पण मनातली भीती गेलेली नाही.

मी दर महिन्याला डेल्टामेथ्रिन या गोचीडनाशकाची फवारणी करतो, एका लिटर पाण्याला दोन मिली या प्रमाणात. पाठीवरच्या पंधरा लिटरच्या एका पंपात नऊही जनावरे उरकतात. फवारल्यानंतर दोन दिवस गोचीड गळताना दिसतात आणि आठ-दहा दिवसांत कानांत, कासेवर, शेपटीच्या बुडाखाली पुन्हा हजर होतात. खिलार गाईच्या अंगावरही गोचीड असतात, पण ती आजवर एकदाही आजारी पडलेली नाही. मला मिळणारे औषध बनावट असावे का, प्रमाण दुप्पट केल्यास उपयोग होईल का, आणि थायलेरियाची लस घ्यावी का, या तीन गोष्टींबाबत जाणकारांनी मार्गदर्शन करावे. आमचे डॉक्टर लस द्या म्हणतात, तर शेजारी म्हणतात की तो पैशाचा अपव्यय आहे.


उत्तर: कृष्णाकाठ

आपण ज्या खड्ड्यात पडला आहात, त्यात मी दोन वर्षे होतो. वाळवा तालुक्यातील माझा जुना गोठा दगडमातीच्या भिंतींचा होता आणि मी दर हंगामात औषध बदलत असे, गोठ्याकडे मात्र कधी लक्ष दिले नाही. एकदा गाय आजारी होती म्हणून रात्री दोन वाजता बॅटरी घेऊन गोठ्यात बसलो असता गव्हाणीखालच्या भेगेतून गोचीड बाहेर येऊन गाईच्या पायाकडे चालत जाताना दिसले. दुसऱ्या दिवशी खुंट्यामागचा गिलावा पहारीने उकरला, तेव्हा आत मुठीत मावणार नाहीत इतके गोचीड आणि साबुदाण्याच्या भुग्यासारखे त्यांच्या अंड्यांचे पुंजके सापडले.

त्यानंतर मी भिंतींचा पोकळ गिलावा काढून भेगा सिमेंटने बुजवल्या आणि ज्या बुजवता आल्या नाहीत त्या फ्लेम गनने शेकल्या. वर चुन्याचे दोन हात दिले. हे काम करताना कडबा आणि गवताची गंज लांब हलवावी आणि पाण्याच्या दोन बादल्या जवळ ठेवाव्यात, कारण माझ्या मेहुण्यांच्या गोठ्याचे छप्पर याच कामात थोडक्यात वाचले आहे. पुढे गाई मुक्त गोठ्यात सोडल्या आणि डझनभर देशी कोंबड्या पाळल्या. कोंबड्या जमिनीवर पडलेले फुगलेले गोचीड तर वेचतातच, पण बसलेल्या गाईच्या अंगावरचेही टिपतात. कोंबड्या असताना गोठ्यात कोणत्याही औषधाची फवारणी केल्यास त्यांना त्या काळात कोंडून ठेवावे लागते, ही त्यातील अडचण आहे.

माझी स्वतःची एक चूकही सांगतो. गड्याने तणनाशक मारलेला पंप नुसता विसळून गाईंवर वापरला आणि एका गाईच्या कासेची कातडी सोलून निघाली. तेव्हापासून जनावरांचा पंप वेगळा, त्यावर लाल रंगाचा पट्टा.


उत्तर: निवृत्त पशुवैद्य

आपण आकडे दिलेत हे बरे केले, कारण त्यातच उत्तर आहे. औषध बनावट असल्याचे आपल्या माहितीवरून दिसत नाही. दोन दिवस गोचीड गळतात म्हणजे औषध काम करते आहे. चुकला आहे तो पाण्याचा हिशेब. मोठी गाय कातडीपर्यंत भिजवायची तर तीन ते पाच लिटर द्रावण लागते. पंधरा लिटरमध्ये नऊ जनावरे उरकली, याचा अर्थ एकेकीच्या वाट्याला पावणेदोन लिटरही आले नाही. पाठीवरचे केस ओले झाले आणि जिथे गोचीड खरोखर बसतात तो कानाचा आतला भाग, पोळी, जांघा, कास आणि शेपटीचे बूड कोरडेच राहिले. फवारा केसांच्या उलट दिशेने मारावा, कानांत आणि शेपटीखाली द्रावणात भिजवलेल्या फडक्याने पुसावे. त्याआधी जनावरांना भरपूर पाणी पाजावे, अंग वाळेपर्यंत मुसके बांधावे आणि भर उन्हात फवारणी टाळावी.

प्रमाण दुप्पट करू नये. अर्धवट भिजलेल्या अंगावर जे गोचीड वाचतात, तेच औषधाला सरावलेली पुढची पिढी तयार करतात, आणि डेल्टामेथ्रिनला दाद न देणारे गोचीड आपल्या देशात अनेक राज्यांत आढळले आहेत. अशा गोचिडांवर दुप्पट मात्राही फारशी चालत नाही, वासरांना मात्र विषबाधा होऊन लाळ गळू लागते आणि थरथर सुटते. औषध बदलायचे तर त्याचा गट बदलावा. दुकानदार डेल्टामेथ्रिनऐवजी सायपरमेथ्रिन किंवा पाठीवर ओतायचे फ्लुमेथ्रिन देतो तेव्हा नाव बदलते, कूळ तेच राहते. अमिट्राझ वेगळ्या गटातील आहे. 12.5 टक्क्यांचे अमिट्राझ लिटरला दोन मिली घेतात. मात्र आपल्या माणदेशात मेंढपाळांचे घोड्यांसह तळ पडतात म्हणून आवर्जून सांगतो की अमिट्राझ घोड्यांना चालत नाही, त्यांच्या आतड्यांची हालचाल मंदावून पोट गच्च होते, तेव्हा उरलेले द्रावण शेजारच्या घोडीवर मारण्याचा उदारपणा कोणी करू नये. दुभत्या गाईला आयव्हरमेक्टिन टोचून गोचीड घालवण्याची पद्धतही बंद व्हायला हवी, कारण ते बरेच दिवस दुधात उतरत राहते.

आता अंतराविषयी. आपल्याकडे मुख्यतः दोन जातींचे गोचीड त्रास देतात आणि दोघांची राहणी निराळी आहे. एक बूफिलस, ज्याला आता शास्त्रज्ञ ऱ्हिपिसेफॅलसमध्ये धरतात. मोहरीहून लहान पिल्लू एकदा गाईवर चढले की तीन आठवडे तिच्याच अंगावर वाढते आणि मादी रक्त पिऊन टम्म फुगल्यावर खाली पडून दोन-तीन हजार अंडी घालते. याच्यासाठी महिन्याचे अंतर फार होते, कारण तेवढ्यात एक पिढी गळून अंडी घालून मोकळी होते. हंगामात तीन आठवड्यांच्या आतच दुसरी फवारणी हवी. दुसरा हायलोमा, तपकिरी, लांब पायांचा आणि चपळ. तो आयुष्यात दोन किंवा तीन वेळा जनावर बदलतो आणि मधला काळ भिंतीच्या भेगांत काढतो. कृष्णाकाठ यांनी रात्री पाहिला तो बहुधा हाच, आणि आपल्या कालवडीला थायलेरिया देणाराही हाच. गाईवर कितीही औषध मारले तरी भेगेतल्या हायलोमाला ते पोहोचत नाही, म्हणून गोठ्याची भिंत, गव्हाण आणि खुंट्यांच्या बुडाशी त्याच दिवशी फवारणी झाली पाहिजे. माझ्या अनुभवात शेतकरी हाच भाग टाळतात, आणि खर्च व दगदग दोन्ही तेथेच वाया जातात.

याला जोडून एक बारकावा आहे, जो कळला की रोजच्या कामाची दिशा ठरते. बबेसिया हा जंतू मादी गोचिडाच्या अंड्यांतून पुढच्या पिढीत उतरतो, त्यामुळे बूफिलसचे पिल्लू जन्मतःच रोग घेऊन येऊ शकते. थायलेरिया अंड्यांतून उतरत नाही. हायलोमाचे पिल्लू स्वच्छ जन्मते, जंतू असलेल्या गाईचे रक्त पिते, कात टाकते आणि पुढच्या अवस्थेत दुसऱ्या जनावराला चावून रोग देते. बरी झालेली गाय बहुधा आयुष्यभर अल्प प्रमाणात जंतू बाळगते, म्हणजे आपल्या गोठ्यात त्याचा साठा आहे असे धरूनच चालावे. दिलासा एवढाच की गोचीड चिकटल्यावर त्याच्या लाळेतील जंतू तयार व्हायला सहसा दोन-तीन दिवस लागतात. म्हणून वासरांचे आणि कालवडींचे कान, जांघा व पोळी रोज हाताने चाचपण्यात वेळ वाया जात नाही. सापडलेले गोचीड बोटांनी चिरडू नयेत, जमिनीवरही फेकू नयेत, रॉकेलच्या डब्यात टाकावेत, कारण टम्म मादी फेकल्यावर मरत नाही, कोपऱ्यात जाऊन अंडी घालते.

(गोचीड रोग वाहतो ही गोष्ट आज सर्वांना ठाऊक वाटते, पण ती सिद्ध केली 1893 मध्ये अमेरिकेत स्मिथ आणि किलबोर्न यांनी, गाईंच्या टेक्सस तापावर काम करताना. डासामुळे हिवताप होतो हे कळायचे तेव्हा बाकी होते. पुढे 1906 मध्ये तेथे सरकारी गोचीड निर्मूलन सुरू झाले आणि ते काम जवळजवळ पुरे व्हायला 1943 साल उजाडले.)

लक्षणांबाबत थोडक्यात. तीव्र ताप आणि खांद्यापुढच्या किंवा मांडीपुढच्या गाठी सुजणे ही थायलेरियाची खूण आहे. ताप आणि कॉफीच्या रंगाची लघवी असेल तर बबेसिया, ज्यावर डायमिनॅझीन चालते. ताप, पांढऱ्या-पिवळ्या पापण्या आणि बद्धकोष्ठ असून लघवी लाल नसेल तर अनाप्लाज्माचा संशय घ्यावा. त्यावर ऑक्सिटेट्रासायक्लिन देतात, आणि हा रोग एकच सुई अनेक जनावरांना वापरल्यानेही पसरतो. व्यायल्यानंतर काही आठवड्यांत ताप नसताना लाल लघवी झाली, विशेषतः म्हशीत, तर ती स्फुरदाच्या कमतरतेमुळेही असू शकते आणि तिथे गोचिडाचे औषध देऊन दिवस घालवू नयेत. म्हणूनच उपचाराआधी कानाच्या शिरेतील रक्ताचा थेंब काचेवर पसरून तपासणीसाठी घ्यावा. गाठीतून सुईने घेतलेला नमुना थायलेरियासाठी आणखी लवकर सांगतो. तालुक्यात सोय नसेल तर पुण्यात औंध येथे पशुसंवर्धन खात्याचा रोग अन्वेषण विभाग आहे, आणि जनावर हलवता येत नसेल तर 1962 या क्रमांकावर फिरते पथक मिळते.

आपली कालवड उशिरामुळे गेली. बुपार्वाक्वोन जंतूंना मारते, फुटून गेलेल्या तांबड्या पेशी परत आणत नाही. इतके पांढरे पडलेल्या जनावराला निरोगी गाईचे रक्त चढवावे लागते, आणि गाईंमध्ये पहिल्या वेळी गट जुळवण्याची सहसा गरज पडत नाही. ही सोय आपल्या भागात असेल तर आधीच विचारून ठेवावी.

लस अवश्य घ्यावी, पण तिच्याकडून काय मिळते ते समजून घ्यावे. ती फक्त थायलेरियावर आहे, बबेसिया आणि अनाप्लाज्मावर नाही. ती जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंची असते, द्रवरूप नायट्रोजनमध्ये साठवावी लागते आणि बाहेर काढल्यावर लगेच टोचावी लागते. शेजाऱ्यांची लस वाया गेली असेल, तर ती बर्फाच्या डब्यातून आली होती का, एवढे त्यांना विचारा. संरक्षण तयार होण्यास काही आठवडे लागतात, म्हणून उन्हाळ्यातच टोचणे योग्य. गाभणपणाच्या शेवटच्या टप्प्यातील गाईंना ती देत नाहीत.


उत्तर: देवणीचा गोठा

पशुवैद्यांनी खिलार गाईचा प्रश्न सोडून दिला, म्हणून लिहितो. आमच्याकडे लातूर जिल्ह्यात देवणी जनावरांच्या अंगावर गोचीड असतात, पण गोचीडतापाने देवणी मेल्याचे मी पाहिलेले नाही. संकरित गाईंवर एवढा औषधांचा मारा करण्यापेक्षा देशी गाय का ठेवू नये?


उत्तर: निवृत्त पशुवैद्य

प्रश्न योग्य आहे, निष्कर्ष मात्र अर्धाच खरा आहे. देशी जातींच्या कातडीवर गोचीड कमी संख्येने टिकतात, आणि थायलेरियाचा जंतू शिरला तरी त्यांचे शरीर त्याला लवकर आवरते. शिवाय गोचीड असलेल्या प्रदेशातच जन्मलेल्या वासराला लहानपणी सौम्य लागण होऊन पुढे बळ मिळते. बबेसियाच्या बाबतीत तर लहान वासरे मोठ्या जनावरांपेक्षा अधिक तग धरतात. म्हणूनच गोचीड नसलेल्या, पक्क्या गोठ्यात वाढलेली महागडी गाय बाजारातून आणून एकाएकी आपल्या दावणीला बांधली की ती दोन-तीन आठवड्यांत कोसळते, आणि दोष विकणाऱ्याला दिला जातो. पण देवणीलाही गोचीडताप होतो, उपासमार, वाहतूक किंवा लाळ्या-खुरकूत यांच्या जोडीने तो होताना मी पाहिला आहे. आणि ज्याचे घर रोजच्या चौदा लिटर दुधावर चालते, त्याला गाई बदला असे सांगणे हा सल्ला होत नाही. या गोठ्यात खिलार गाय निरोगी दिसते तरी ती जंतूंची वाहक असू शकते, म्हणून फवारणीत तिला वगळू नये. शेतकरी नेमके तिलाच वगळतात.


उत्तर: तिलारी खोरे

दोडामार्ग तालुक्यातून लिहीत आहे. आमच्याकडे गुरे रानात चरतात, त्यामुळे भिंतीच्या भेगांपेक्षा जंगलातील पालापाचोळ्यातून येणारा गोचीड हा आमचा प्रश्न आहे, आणि त्यात माणसांची काळजी अधिक आहे. 2016 मध्ये आमच्या भागात माकडतापाची साथ आली, त्याआधीच्या वर्षी गोव्यातील सत्तरीत तो आढळला होता. कर्नाटकातील क्यासनूर जंगलात 1957 मध्ये प्रथम ओळखलेला हा ताप गुरांना होत नाही, पण तो पसरवणारे गोचीड गुरांच्या रक्तावर पोसले जातात आणि त्यांच्या अंगावरून घरापर्यंत येतात. त्यामुळे रानातून परतलेली गुरे घराच्या पडवीत न बांधता दूर बांधणे आणि गोचीड उघड्या हाताने न काढणे हे आम्ही साथीनंतर शिकलो. घाटावरच्या वाचकांनी हे केवळ कोकणापुरते समजू नये. हायलोमा गोचीड माणसाला क्रायमियन काँगो ताप देऊ शकतो आणि 2011 मध्ये शेजारच्या गुजरातमध्ये तो आढळला आहे.

वनस्पतींच्या फवाऱ्याबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून सांगतो. लसूण, कडुलिंबाचा पाला व निंबोळी, वेखंड, हळद, तुळस आणि घाणेरीचा पाला वाटून, पाण्यात गाळून आम्ही आठवड्यातून एकदा मारतो. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळही हीच कृती सुचवते. गोचीड कमी असताना त्याचा उपयोग होतो आणि दुधात काही उतरण्याची चिंता राहत नाही. गोचिडांनी भरलेल्या गाईवर मात्र केवळ त्यावर विसंबणे मला धाडसाचे वाटते. घाणेरीचा पाला जनावरांच्या तोंडी जाऊ देऊ नये, तो खाल्ल्यास यकृताला बाधा होते आणि उन्हात कातडी भाजल्यासारखी होते.


प्रश्नकर्ता: माणदेशी गोठा

सर्वांचा आभारी आहे. गाईचा ताप आज 101.6 अंश आहे, तिने सकाळी रवंथ केला आणि दूध 7 लिटरपर्यंत आले. काल दोन गडी लावून गव्हाणीचा जुना कठडा फोडला. गोचीड सापडतील असे वाटलेच होते, पण ते गव्हाणीपेक्षाही खिलार गाईच्या खुंट्यालगतच्या दगडांमागे जास्त निघाले, आणि पशुवैद्यांचे म्हणणे खरे आहे, मी तिला फवारणीत बऱ्याचदा वगळत होतो. वडिलांनी हे वाचले आहे आणि ते सध्या माझ्याशी कमी बोलतात. आता दोन शंका उरल्या. या गाईचे दूध डेअरीला कधीपासून घालावे? आणि दोन्ही कालवडींना लस आत्ताच द्यावी की पुढच्या उन्हाळ्यापर्यंत थांबावे? त्यांना ताप नाही, पण दोघींच्या कानांत काल गोचीड होते.


उत्तर: निवृत्त पशुवैद्य

दूध घालण्याची मुदत इंजेक्शनच्या वेष्टनावर लिहिलेली असते, ती संपेपर्यंत दूध डेअरीला घालू नये. सोबत ऑक्सिटेट्रासायक्लिन दिले असेल तर त्याची मुदत वेगळी धरावी आणि दोहोंपैकी लांबची पाळावी.

कालवडींसाठी उन्हाळ्यापर्यंत थांबू नये, पण आजच टोचूही नये. कानांत गोचीड होते, म्हणजे लागण आधीच झालेली असू शकते, आणि तापाला एक ते तीन आठवडे लागतात. तोवर दोघींचा ताप रोज सकाळ-संध्याकाळ मोजून वहीत लिहावा आणि खांद्यापुढची गाठ हाताने पाहावी. 103 च्या वर गेला की त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवावे. तीन आठवडे काही झाले नाही, तर त्यांच्या सल्ल्याने लस द्यावी. दरम्यान कालवडींना खिलार गाईशेजारच्या दावणीवरून हलवून नव्याने चुना दिलेल्या बाजूला बांधावे, आणि फोडलेल्या कठड्याचा राडारोडा गोठ्याच्या मागे टाकला असेल तर तो आजच लांब नेऊन जाळावा किंवा पुरावा.